तात्यांच्या ड्राइव्हची पूर्वतयारी

एकट्या माणसाच्या घरात कॉम्प्युटरच्या बटनावर सुतळीने पाटी बांधलेली होती : 'माणसे काम करीत आहेत. बटन दाबू नये.'

"तात्या, दाबणार कोण? घरात तुम्ही एकटेच," मी म्हटलं.

"रिवाज हाय, ताई. माझंच ध्यान न्हाय ऱ्हायलं तर?"

शंकरतात्या साखर कारखान्यात बॉयलरवर फिटर होते. गाळप संपलं की तिथे सगळी यंत्रं खोलायची, पुसायची, ग्रीस लावायचं, प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधायची. निवृत्त झाले तरी ती सवय गेली नाही. त्यांच्या कुकरच्या शिट्टीलाही मी चिठ्ठी पाहिली आहे. तोंडी एकच वाक्य : "आधी तयारी, मग पान्हा."

सांगवीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. तात्यांना एक डिस्क बघायची होती, पण पुण्याहून मुलाने पाठवलेल्या त्यांच्या कॉम्प्युटरला डीव्हीडी ड्राइव्ह नव्हता. माझ्याकडे जुन्या मशिनचा एक पडून होता, तो दिला. चार स्क्रू, दोन वायरी, दहा मिनिटांचं काम. तात्यांची तयारी बाराव्या दिवशीही चालूच होती, म्हणून मी बघायला गेले.

कॉम्प्युटरचा डबा वर्तमानपत्रावर उघडून ठेवलेला. पुढची झाकणपट्टी काढून तिला चिठ्ठी : 'पुढची. वरून पहिली.' मोकळ्या वायरीला लाल दोरा. स्क्रू चहाच्या बशीत, ग्रीसमध्ये बुडवलेले.

"हे काय?"

"गंजू नये म्हणून."

"तात्या, हा बॉयलर नाही."

"मशिन ते मशिन."

"असं करा, डिस्क माझ्याकडे द्या. दुकानात पेन ड्राइव्हवर उतरवून देते. कटकट मिटेल."

"न्हाय. ती घराबाहेर जायची न्हाय."

असेल एखादा जुना तमाशा, असं मनात आलं. मी सरळ स्क्रू पुसायला घेतले. तात्यांनी माझा हात अडवला.

"ताई, डिस्कवर चरे पडल्यात. बसवल्यावर न्हाय चालली तर? तयारी चालू हाय तवर बरं हाय."

मग त्यांनी दवाखान्याची फाइल काढली. त्यांच्या पत्नी, मंदाकाकू, तीन वर्षांपूर्वी गेल्या. त्याआधी बारामतीत त्यांची अँजिओग्राफी झाली होती. तेव्हा दिलेली डिस्क ती.

"कॅमेरा दिसला की पदर तोंडावर घ्यायची. लेकाच्या लग्नाच्या शूटिंगमधी बी नुसती पाठ हाय. हालती अशी एवढीच हाय."

मी पुन्हा स्क्रू पुसायला घेतले. ड्राइव्ह सरकवला, स्क्रू आवळले, वायरी खोचल्या, पाटी सोडून बटन दाबलं. डिस्क आत गेली. घरघरली, थांबली, पुन्हा घरघरली. तात्यांनी टेबलाची कड घट्ट धरली होती.

पडद्यावर करड्या रंगात काकूंच्या हृदयाच्या काळ्या शिरा उमटल्या. आक्रसायच्या, सुटायच्या. पुन्हा आक्रसायच्या. आवाज काहीच नव्हता.

चौथ्यांदा बघताना तात्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हितं जरा पळाय लागलं बघा. भ्याली असंल. आत एकटीच हुती."

मग म्हणाले, "मी भाईर बाकड्यावर हुतो."

ते आपोआप पुन्हापुन्हा चालेल असं मी लावून दिलं आणि चपला घातल्या. दारातून वळून पाहिलं, तर तात्यांनी खुर्ची ओढून पडद्याच्या अगदी जवळ घेतली होती.