बोरस्ते सरांचे आठ खण

गंगापूर रोडवरील तमाम रहिवाशांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एक संगणक राहतो. त्याला मधुमेह आहे आणि तो रोज जेवणानंतर अडकित्त्याने सुपारी कातरतो.

नाव बोरस्ते. मूळचे सायखेड्याचे. तंत्रनिकेतनात त्यांनी आयुष्यभर एकच विषय शिकवला : संगणकाची अंतर्गत रचना. निवृत्तीनंतर विद्यार्थी सुटले, विषय घरी आला.

तुमच्याशी बोलताना दाराची बेल वाजली, तर सर वाक्याच्या मधोमध थांबतात. खिशातल्या चिठ्ठीवर शेवटचा शब्द टिपतात. भाजीवालीशी मेथीच्या जुडीवरून यथासांग वाद घालतात आणि परत येऊन, चिठ्ठी बघून, त्याच शब्दापासून पुढे बोलू लागतात. एकदा मी तेवढ्यात घरी जाऊन जेवून आलो. त्यांना पत्ता नव्हता. "प्रोसेसर असाच वागतो," ते म्हणाले. "कुठे थांबलो ते लिहून ठेवायचं. काम सोडायचं नाही."

पण खरी कीर्ती त्यांच्या खुर्चीशेजारच्या आठ खणांच्या मांडणीची. प्रोसेसरला घाई फार आणि मोठी मेमरी लांब, म्हणून हाताशी एक छोटी जागा ठेवतात, तिला कॅश मेमरी म्हणतात, हे सरांनी आमच्या दूधवाल्यालाही समजावलं आहे. जागा छोटी, म्हणून नियम कडक. नवी वस्तू आली आणि खण भरलेले असले, तर जिला हात लागून सगळ्यात जास्त वेळ झाला, ती माळ्यावर. या नियमाने मेहुण्याने दिलेलं घड्याळ गेलं, सत्काराचं पेन गेलं, येवल्याच्या व्याह्यांचा फोटोही गेला. वर ढकलायला सरांकडे लांब काठी आहे. खाली काढायला मात्र स्टुलावर चढावं लागतं आणि गुडघे नाही म्हणतात. त्यामुळे माळ्यावरून आजवर काहीही परतलेलं नाही.

गेल्या महिन्यात सोसायटीने पंपाच्या खोलीची किल्ली सरांकडे द्यायचं ठरवलं. संध्याकाळी मी आणि माझी बायको मीना ती घेऊन गेलो. सरांचा चेहरा उजळला. बऱ्याच दिवसांनी कुणी त्यांच्यावर काही सोपवलं होतं. किल्ली हाताशीच हवी, म्हणून ते मांडणीकडे वळले आणि एकेका वस्तूची हजेरी घेऊ लागले. फोन, आत्ताच. रिमोट, बातम्यांना. वही, चहानंतर. अडकित्ता, दुपारी. असं करत बोट शेवटच्या खणाशी आलं आणि थांबलं.

तिथे बारीक तपकिरी काड्यांचा बायकी चष्मा होता. वहिनींचा, म्हणजे सरांच्या पत्नीचा. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

मी हसून म्हणालो, "सर, हा राहू द्या. नियमाला अपवाद असतोच."

"अपवाद नाही," सर म्हणाले. "रोज वापरतो मी."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. उठल्या उठल्या, चूळ भरायच्याही आधी, सर तो डोळ्यांवर चढवत. नंबर वेगळा, दिसायचं काहीच नाही. पण वापरला म्हणजे नियमाने तो खणातच राहणार. दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं, कारण दुसरी कुठली तरी वस्तू दोन-चार दिवस तशीच पडलेली असायची आणि तीच जायची. आज मात्र बाकीच्या सातही वस्तूंना सकाळनंतर हात लागला होता. सगळ्यात आधी वापरलेला होता तो चष्माच.

त्यांनी तो उचलला. काड्या मिटल्या, पुन्हा उघडल्या, पुन्हा मिटल्या. दुसऱ्या हाताने काठी शोधू लागले.

मीनाने त्यांच्या हातातून चष्मा काढून घेतला, सरळ स्वतःच्या नाकावर चढवला, धूसर झालेल्या भिंतीकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि बोलून गेली, "अहो सर, हा तर आत्ता वापरला! आता दुसरं काय काढायचं ते बघा."