एकाच खेपेत

अल्माती शहरात घरोघर दूध पोचवणाऱ्या कंपनीचं अ‍ॅप तालगात सांभाळायचा, आणि त्या संध्याकाळी तो छाती फुगवूनच घरी आला. गिऱ्हाइकाचा फोन सर्व्हरला आधी दुधाचा भाव विचारी, मग शिल्लक, मग गाडी कधी येणार ते. नुसते हेलपाटे! तालगातला त्याची मनस्वी चीड. आज त्याने सगळी उत्तरं एकाच गाठोड्यात बांधून टाकली होती.

घरी धाकट्या बहिणीला, अकबोताला, मागणी घालायला मुलाचे आईवडील आलेले. ती रीतीप्रमाणे आतल्या खोलीत, आई मटणापाशी. चहा ओतायला तालगात बसला.

"थोडा थोडा ओत रे," आई आतून म्हणाली.

मुलाच्या आईने, शोलपानबाईंनी, दोन घोटांत पियाला रिकामा करून पुढे केला. मग त्यांच्या यजमानांनी. मग पुन्हा बाईंनी. तालगातचं डोकं तडकलं. ऑफिसातलं दुखणं आता घरातही?

"काकू, हे हेलपाटे कशाला?" त्याने दोन्ही पियाले काठोकाठ भरले. "एकदाच घ्या. आम्ही कामावर आता असंच करतो."

शोलपानबाईंनी पियाल्याकडे पाहिलं, मग यजमानांकडे.

"उठा. उशीर झालेला दिसतोय."

"अहो, मटण शिजतंय अजून..."

"कळलं, बाळा. फार स्पष्ट बोललास."

दार लागलं. आई झारा घेऊनच बाहेर आली.

"काय केलंस?"

"वेळ वाचवला."

"अरे शहाण्या, थोडा चहा म्हणजे बसा, पुन्हा मागा. काठोकाठ म्हणजे प्या आणि चालते व्हा. ठाऊक नाही तुला?"

"ठाऊक आहे. पण ते जुन्या लोकांचं."

"मग ते दोघं काय काल जन्मले?"

आतून अकबोता म्हणाली, "दादा, आता त्या सर्व्हरशीच लाव माझं लग्न."

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"तालगात, तुझं गाठोडं जुन्या फोनना पेलत नाहीये. अ‍ॅप उघडताच मिटतंय, गिऱ्हाइकं निघून चाललीत. मागतील तसं थोडं थोडं दे की रे."

तालगातने फोन आपटला. "सगळं जगच मागासलेलं आहे! आई, चहा दे."

आईने पियाला पुढे ठेवला. काठोकाठ. शेजारी त्याची टोपी, आणि शोलपानबाईंकडे न्यायचा तळलेल्या बाउरसाक-पुऱ्यांचा गरम डबा.