ब्लाउजपीसात बांधलेली पाटी

चकचकीत कागद, त्यावर चिकटवायचं लाल फूल आणि वर ‘पॅकिंग चार्ज’ असा सगळा हिशेब दुकानदाराने सांगितला, तेव्हा गजेंद्रभाऊ गावंडे यांनी कागद गुंडाळून त्याच्याच हातात ठेवला. “जे फाडून फेकाचंच हाये, त्याले एवढे पैसे?” म्हणाले आणि दुकानाची पायरी उतरले. पुढचं सगळं रामायण त्या एका पायरीमुळे घडलं.

गजेंद्रभाऊ अकोल्यात एकटेच राहतात. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात कारकुनी करून रिटायर झाले. जमुनाबाई गेल्यापासून घरात त्यांच्याशी बोलतो तो फक्त कुकर (आणि एका माणसाच्या भातापुरता तो तरी किती बोलणार?). एकुलती एक लेक वर्षाली अमरावतीला. तिने आणि जावई किशोर काळमेघ यांनी नवा फ्लॅट घेतला होता. रविवारी त्याची वास्तुशांती होती, आणि त्यासाठी गजेंद्रभाऊंनी परतवाड्याला जाऊन सागाची नावाची पाटी करून आणली होती. कारागिराशी त्यांनी इतकी घासाघीस केली, की शेवटी यांचा भाव कबूल करून त्याने फळी पातळ केली.

पाटीवर पहिलं नाव किशोर काळमेघ. दुसरं सौ. वर्षाली काळमेघ. आणि अगदी खाली, कडेला चिकटून, बारीक अक्षरांत गजेंद्र गावंडे.

“हे तिसरे कोन?” कारागिराने विचारलं होतं.

“हायेत एक जन. राह्यतीन कदाचित,” गजेंद्रभाऊ म्हणाले होते.

खरी गोम इथेच होती. त्यांना लेकीकडे राहायला जायचं होतं आणि ते तोंडाने विचारणं जमत नव्हतं. फोनवर ते बीपीच्या गोळीबद्दल बोलत, नळाबद्दल बोलत, आणि जीभ नेमकी त्या वाक्यापाशी आली की “बरं, ठेवतो मंग” म्हणत. वर्षाली “या ना बाबा” म्हणे. पण ‘या’ आणि ‘राहा’ यांत फरक असतो, हे ज्याच्या घरी जेवायला एकच ताट वाढलं जातं त्याला बरोबर कळतं. म्हणून आता पाटीच काय ते विचारणार होती.

कागद नाकारल्यावर गजेंद्रभाऊंनी मोबाईल उघडला. एक बाई हसतहसत सांगत होती, की घरातल्याच वस्तूंतून सुंदर पॅकिंग होतं. त्यांनी आधी पेपर घेतला. गुंडाळून झाल्यावर पाहतात तो वरच्या बाजूला ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, फोटोसकट. मग जुनं कॅलेंडर काढलं, पण त्यावर देव होते आणि देवाच्या नाकावर चिकटपट्टी लावायला हात धजेना. मग कपाशीच्या बियाण्याची चंदेरी पिशवी सापडली. चमकत होती झकास, पण मधोमध बोंडअळीचं चित्र होतं. वास्तूला अळी कशी न्यायची?

शेवटी त्यांनी जमुनाबाईंची पेटी उघडली. आत ब्लाउजपीसांची चळत होती. आपल्याकडे ब्लाउजपीस हा शिवायचा नसतो, फिरवायचा असतो. एकीने ओटीत घातला, की दुसरी तो घडी न मोडता तिसरीच्या ओटीत घालते. असे पीस पिढ्यानपिढ्या तालुके ओलांडतात, पण शिलाई मशीनचं तोंड पाहत नाहीत. जमुनाबाई हे सगळं जाणून होत्या. गजेंद्रभाऊ जाणून नव्हते, कारण हे खातं कधी त्यांच्याकडे नव्हतंच. त्यांनी एक गडद हिरवा पीस काढला, पाटी त्यात घडी घालून बसवली आणि वरून पिवळा दोरा, ऑफिसात फायली बांधायचे त्या दुहेरी गाठीने. झकास दिसत होतं. (ते हुबेहूब पुठ्ठ्यावर गुंडाळलेल्या ब्लाउजपीसासारखं दिसत होतं, हे त्यांना कोण सांगणार? सांगणारी तर भिंतीवर हार घालून बसली होती.)

वास्तूच्या दिवशी पन्नास पाहुण्यांच्या गर्दीत त्यांनी ते लेकीच्या हातात दिलं. “आरामानं पाहून घे,” एवढंच म्हणाले. “हो बाबा,” म्हणून तिने ते सासूबाईंकडे, पार्वताबाईंकडे दिलं. पार्वताबाई दाराशी हळदीकुंकवाचं ताट घेऊन बसल्या होत्या, आणि जाणाऱ्या प्रत्येक बाईला एकेक ब्लाउजपीस देत होत्या. त्यांच्याजवळचे संपत आले होते.

गजेंद्रभाऊ संध्याकाळच्या बसने अकोल्याला परतले आणि फोनची वाट पाहू लागले. चार-पाच दिवस गेले. शेवटी त्यांनीच लावला.

“वर्षा, मी देल्लेलं पायलं काय?”

“हो ना बाबा, पायलं. छान हाये.”

“मंग... जमते ना?”

“आता काय सांगू बाबा, लय डार्क हाये. माह्या घरच्या कशावरच जात नाई ते.”

अक्षरं डार्क होती खरी. गजेंद्रभाऊंनी घसा खाकरला. “म्हंजे, नको म्हनतं?”

“नको असं नाई. पण आजकाल ते जुनं कोन ठेवते घरात? यांच्या आईनं देऊन टाकलं कोनाले तरी. तुमाले राग त नाई आला?”

“नाई व. राग कायचा? बरं, ठेवतो मंग.”

त्या दिवशी कुकर लावलाच नाही. पोरीने नाही म्हटलं याचं दुःख होतंच, पण ज्या घरात ठेवत नाहीत ते ‘जुनं’ आपणच, हे इतक्या गोड आवाजात ऐकावं लागलं, ते जास्त लागलं. भिंतीवरच्या जमुनाबाईंना त्यांनी सांगितलं, “तुह्या पोरीनं मले देऊन टाकलं. कोनाले देल्लं तेही माईत नाई.”

दिवाळीच्या थोडं आधी शेजारच्या मनकर्णाबाई आल्या. “भाऊजी, वर्षालीच्या वास्तूले मले याले जमलं नाई. तुमी अमरावतीले जासान तवा हे तिले देजा, माह्याकडून.” आणि त्यांनी हातात एक गडद हिरवा ब्लाउजपीस ठेवला. पिवळा दोरा. दुहेरी गाठ.

गजेंद्रभाऊ गाठीकडे पाहतच राहिले. “हे तुमाले कोठी भेटलं?”

“मोझरीले नंदेच्या नातीचं बारसं होतं ना, ततं ओटीत आलं. तिच्या सुनेले परतवाड्यावरून आलं होतं म्हने. काहून? चांगलं नाई काय? जरासं जड हाये, पण कपडा मजबूत असन.”

पीसाच्या कोपऱ्यावर हळदीकुंकवाची बोटंच बोटं उमटली होती. गाठ मात्र कोणी सोडली नव्हती. म्हणजे पोरीने पाटी पाहिलीच नव्हती! डार्क होता तो ब्लाउजपीस! गजेंद्रभाऊंना इतकं हायसं वाटलं, की त्यांनी मनकर्णाबाईंना चहा विचारला आणि दूध नाही हे नंतर आठवलं.

पण पुन्हा विचारायची छाती होईना. नशिबाने एकदा आलेला नकार खोटा ठरला होता, दुसरा खरा निघाला तर? आणि सागाची पाटी फेकवेना. मग त्यांनी ती आपल्याच दाराला चार स्क्रूंनी बसवली. जाता-येता तीन नावं एकाखाली एक दिसली की बरं वाटायचं.

दुसऱ्याच दिवशी दुपारी फोन खणखणला.

“बाबा! दारावर काय लावलं तुमी? मनकर्णाकाकूनं पायलं, अन् इकडं आमच्या आईले फोन आला का किशोर घरजवाई झाला म्हनून! आई सकाळपासून जेवली नाई!”

“अव, ते... वास्तूची भेट हाये तुही.”

“माह्या वास्तूची भेट तुमच्या दाराले कायले? मी उद्या सकाळच्या बसनं येऊन राहिली. माह्या हातानं काढीन ते. स्क्रूड्रायव्हर हाये ना घरी?”

स्क्रूड्रायव्हर समोर टेबलावरच होता. “नाई,” गजेंद्रभाऊ म्हणाले. “अन् स्क्रू लय पक्के हायेत बेटा. काढाले दोन-तीन दिवस त लागतीनच. कपडे घेऊन ये.”

फोन ठेवून ते दाराशी आले. लेकीशी खोटं बोलल्यासारखं नको, म्हणून त्यांनी चारही स्क्रू आणखी एकेक वेढा आवळले. मग आणखी अर्धा. कट्कन आवाज झाला. परतवाड्याच्या कारागिराने पातळ केलेली फळी आडवी चिरली, आणि ‘गजेंद्र गावंडे’ एवढी पट्टी सुटून त्यांच्या हातात आली.

ते तसेच उभे असताना गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन आला. नवीनच माणूस होता. “गावंडे कोठी राह्यतात?”

“मीच गावंडे.”

त्याने पाटी वाचली, मग यांच्याकडे पाहिलं. “पाटीवर त काळमेघ हाये. तुमी किरायानं राह्यता काय?”

“हो,” गजेंद्रभाऊ म्हणाले, आणि पट्टी खिशात घातली. “उद्या मालकीन येऊन राहिली.”

“मंग मी बाहेरच ठेवतो,” म्हणून त्याने सिलिंडर पायरीवर ठेवला. “उद्या तिनं खाली कराले लावलं त? किरायेदाराचा काय भरोसा?”