एका उजव्या पायाची चौकशी

मार्च महिन्याच्या सव्वीस तारखेस, गुरुवारी, सकाळी साडेदहा वाजता, वैद्यकीय यंत्रांची देखभाल करणाऱ्या एका कंपनीच्या विभागीय कार्यालयात, दुसऱ्या मजल्यावरील बैठकीच्या खोलीत, एका उजव्या पायाची चौकशी सुरू झाली. पायाच्या अस्तित्वाविषयी दुमत नव्हते. तो मोडला आहे किंवा नाही, एवढाच प्रश्न होता.

पाय ज्यांचा होता ते गृहस्थ कंपनीचे फिरते तंत्रज्ञ होते. बोटांपासून गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलेला तो पाय त्यांनी समोरच्या खुर्चीवर ठेवला होता आणि शेजारी त्यांच्या पत्नी कुबड्या सांभाळत बसल्या होत्या. सहा आठवड्यांची वैद्यकीय रजा मिळावी, असा अर्ज होता. तो नामंजूर झाल्यास नऊ तारखेपासूनची गैरहजेरी विनापरवाना ठरणार होती. आणि विनापरवाना गैरहजेरीचे वीस दिवस भरले की नोकरी आपोआप संपावी, अशी नियमांत सोय होती. आज अठरावा दिवस होता.

चौकशी अधिकाऱ्यांनी प्रथम एवढेच नोंदवून घेतले की, इमारतीची लिफ्ट बंद असतानाही कर्मचारी दुसऱ्या मजल्यावर वेळेत हजर झाले.

"साहेब, बसून बसून चढलोय मी. एकेक पायरी," तंत्रज्ञ म्हणाले.

"चढलात ना? मग झालं."

यानंतर अधिकाऱ्यांनी देखभाल अहवाल पुढे ओढला. दर तीन महिन्यांनी प्रत्येक रुग्णालयात जाऊन यंत्र उघडावे, पुसावे, तपासावे आणि डॉक्टरांची सही घ्यावी, असा करार असे. तंत्रज्ञांकडे एकसष्ट रुग्णालये होती आणि एक दुचाकी. शिवाय बंद पडलेल्या यंत्रांच्या तक्रारी रोज येत, आणि त्या टाकून चालू यंत्र पुसायला जाणे कोणाच्याच बुद्धीला पटत नसे. म्हणून कार्यालय वर्षाचे चारही अहवाल तारीख-वेळ छापून जानेवारीतच पाठवी आणि डॉक्टर चारही सह्या एका बैठकीत करून टाकीत. यात कोणाला फसवण्याचा हेतू नव्हता. 'इथे सही करा' असे कोणी म्हटल्यावर वर काय लिहिले आहे ते वाचत बसणारा मनुष्य आपल्यात शंकेखोर समजला जातो. आणि डॉक्टर सभ्य होते.

"नऊ मार्चला अकरा ते एक तुम्ही यांच्या रुग्णालयात एक्स-रे यंत्राची देखभाल केलीत," साक्षीला बोलावलेल्या डॉक्टरांकडे पाहत अधिकारी म्हणाले.

"नाही हो साहेब. दुसरीकडे मशीन बंद पडलं म्हणून निघालो होतो. वळणावर खडीवरून गाडी घसरली. लोकांनी उचलून जवळच्या दवाखान्यात नेलं, तो नेमका डॉक्टरसाहेबांचा."

"किती वाजता?"

"अकरा वाजले असतील."

"म्हणजे अकरा वाजता तुम्ही तिथे होतात."

"होतो, पण स्ट्रेचरवर!"

"अहवालात उभे की आडवे, असा रकाना नाही."

डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म खिडकीसमोर धरली. "हे बघा. नडगीचे सरळ दोन तुकडे. आता आणखी काय सांगू?"

अधिकाऱ्यांनी तुकडे पाहिले नाहीत. कोपऱ्यातली वेळ पाहिली. अकरा चाळीस. अहवालानुसार त्या वेळी यंत्राची वीज बंद करून आतली साफसफाई चालू होती. बंद यंत्रावर एक्स-रे निघत नाही, हे तंत्रज्ञांनाही मान्य करावे लागले.

"मग डॉक्टर, अहवाल खरा की एक्स-रे?"

"एक्स-रे. त्या दिवशी मशीनला कुणी हातसुद्धा लावला नाही."

"उत्तम. म्हणजे देखभाल चुकलेल्या यंत्रावर तुम्ही एक्स-रे काढलात. ही फिल्म पुरावा म्हणून चालणार नाही. शिवाय नऊ तारखेपासून त्या यंत्रावर जेवढी हाडं तुम्ही मोडलेली ठरवलीत, ते सगळे रुग्ण परत बोलवा. किती आहेत?"

"एकशे चौदा," डॉक्टर म्हणाले, आणि फिल्म खाली ठेवत पुढे म्हणाले, "तसं बघितलं तर देखभाल झालीही असेल. मी काही मशीनपाशी उभा नव्हतो."

"आणि झाली असेल तर यांनीच केली. यांनी केली असेल तर हे दोन तास दोन पायांवर उभे होते."

तर्काला कोठेही छिद्र नव्हते. अहवाल खरा मानावा, तर पाय शाबूत होता. खोटा मानावा, तर पाय मोडल्याला पुरावा उरत नव्हता.

"मग दुसऱ्या दवाखान्यात एक्स-रे काढून आणतो!"

"खुशाल आणा. या भागातली एकूण एक यंत्रं तुमच्याकडेच आहेत. अहवाल इथे आहेत, सह्यांसकट."

कुबड्या सांभाळत बसलेल्या पत्नी आता उसळल्या. "अहो, कागद काय चिवडताय? पाय समोर आहे. दाबून बघा की!"

अधिकाऱ्यांनी हात पुढे करताच तंत्रज्ञ मोठ्याने ओरडले.

"बघितलंत? अजून हात लागलाही नाही!" पत्नी म्हणाल्या.

"ओरडण्यावरून काही ठरत नसतं, वहिनी. माझ्या हाताखालचे सगळेच ओरडतात."

पत्नींनी अहवाल त्यांच्या हातून हिसकावून घेतला. "आणि ही 'तपासून पाहिले' खालची सही कुणाची? तुमचीच ना?"

"माझीच. जानेवारीत दोनशे चव्वेचाळीस कागद एका गठ्ठ्यात आले होते. आणि त्याच्या वर 'ग्राहक पूर्ण समाधानी' लिहिलंय, ते टपोरं अक्षर कुणाचं?"

पत्नींचा आवाज खाली आला. "यांचं अक्षर कुणाला लागत नाही. म्हणून दोन-तीन दुपारी मीच बसून..."

अधिकारी दुष्ट नव्हते. त्यांनी पाण्याचा पेला तंत्रज्ञांपुढे सरकवला, लेखणीला टोपण लावले आणि घरच्या माणसाच्या स्वरात निकाल सांगितला.

"कागद खोटा आहे, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. पण वहिनी, पाय एकट्या यांचा आहे आणि सह्या आपल्या सगळ्यांच्या आहेत. पाय मोडलेला नाही. उद्या सकाळी कामावर या."