बटनांचा बेंजो

याकूब मुकादम या माणसाची गोष्ट मी आजवर अनेकांना सांगितली, पण अर्धीच. लग्नाच्या पंगतीत, पेन्शनरांच्या बाकावर, नातवंडांसमोर मी तिचा हसवणारा भाग सांगायचो आणि लोक हसायला लागले की तिथेच थांबायचो. पुढचं सांगायचं इतकी वर्षं टाळलं. आता माझं वय झालं आहे. तो भाग माझ्याबरोबर गेला तर याकूबभाईंवर आणखी एक अन्याय होईल, म्हणून या वेळी न थांबता सांगतो.

सुरुवात मात्र नेहमीप्रमाणे दुपट्यापासूनच करावी लागेल.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी कतारमध्ये मेसईदला एका खताच्या कारखान्यात टाइमकीपर होतो आणि याकूबभाई पाइपफिटर. कंपनीच्या कॅम्पात आमची खोली एकच. खोलीतला एसी एकदा सुरू झाला की दात वाजायला लागायचे. अशा थंडीत याकूबभाई लुंगी-बनियनवर झोपायचे आणि स्वतःचं ब्लँकेट बेंजोला गुंडाळायचे. मी कारण विचारलं.

"आपलं काय, थंडी वाजली तर माणूस शिंकतो," ते म्हणाले. "हा शिंकला तर तार तुटते."

शेवटी एका शुक्रवारी मीच त्यांना बसने दोह्याला सूक वाकिफच्या बाजारात नेलं आणि लहान बाळाचं जाडसर दुपटं घ्यायला लावलं. म्हातारा दुकानदार खूश झाला. "मबरूक," म्हणत त्याने अभिनंदन केलं, आणि मोडक्या हिंदीत विचारलं, "मुलगा की मुलगी?"

"बेंजो," याकूबभाई म्हणाले.

म्हाताऱ्याला ते बाळाचं नाव वाटलं. "माशाल्ला," म्हणत त्याने दुपट्यावर एक टोपडं फुकट दिलं. ते टोपडं बेंजोच्या टोकाला इतकं बरोबर बसलं की याकूबभाई बसमध्ये सारखे त्याच्याकडेच बघत होते.

बेंजो म्हणजे आपला कोकणातला बेंजो, ज्याला पुस्तकांत बुलबुलतरंग म्हणतात. लांबट लाकडी पेटी, वर तारा, उजव्या हाताने छेडायचं आणि डाव्या हाताने टाइपरायटरसारखी बटनं दाबायची. याकूबभाई म्हसळ्याकडचे. तरुणपणी सगळ्या तालुक्याच्या वराती त्यांनी त्यावर नाचवल्या होत्या. मी मिरजेचा. मिरजेत सतारी आणि तंबोरे बनतात, त्यामुळे तिथल्या माणसाला आपल्याला संगीतातलं कळतं असं जन्मापासूनच वाटत असतं. त्यातून मी दोन वर्षं पेटी शिकलेला, म्हणजे मला तर फारच कळत होतं. बेंजोला मी वाद्यांत धरत नव्हतो. याकूबभाई मला "मिरजकर" म्हणायचे आणि पदवी मिळाल्यासारखा मी ते ऐकून घ्यायचो.

कारखान्यात डेल नावाचा एक अमेरिकन इंजिनिअर होता. तो गिटार वाजवायचा. त्याचे दोन मित्र, एक फिडल म्हणजे व्हायोलिनवाला आणि एक मेंडोलिनवाला. त्यांच्याकडच्या डोंगराळ मुलखातलं कसलंसं जलद संगीत हे तिघं दर शुक्रवारी डेलच्या बंगल्यात वाजवायचे. त्यांचा चौथा माणूस नोकरी संपवून परत गेला, तेव्हा डेलने मला एक चिठ्ठी कँटीनच्या फळ्यावर लावायला दिली. बँजो वाजवणारा पाहिजे. मी ती लावली आणि निव्वळ गंमत म्हणून याकूबभाईंना सांगितली. ते त्याच शुक्रवारी अत्तर लावून तयार.

दुभाषी म्हणून मी बरोबर होतो. डेलने दुपटं सुटताना पाहिलं, टोपडं निघताना पाहिलं, आणि मला विचारलं, "हे काय आहे?"

"बेंजो," याकूबभाईंनी परस्पर उत्तर दिलं.

"हा बँजो नव्हे," डेल म्हणाला. त्याने एका रेकॉर्डचं कव्हर आणून दाखवलं. गोल, डफाला दांडा लावल्यासारखं वाद्य मांडीवर घेऊन एक माणूस बसला होता. याकूबभाईंनी ते चित्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि हळूच माझ्या कानाशी आले. "मिरजकर, साहेबाला वाईट वाटेल असं बोलू नका. पण यांच्यात बटनं बसवायची राहून गेली."

"ते म्हणतात, तुमचा बँजोही छान आहे," मी भाषांतर केलं.

मग डेलने गिटारवर एक चाल सुरू केली. ती अशी धावायला लागली की मी मनात म्हटलं, आता शोभा होणार. पण वरातीत दारू प्यायलेल्या पोरांना ताल सोडू न देणाऱ्या माणसाला वेगाची काय भीती? दुसऱ्या फेरीला याकूबभाईंनी चाल धरली, तिसऱ्या फेरीला ते पुढे आणि तिघं गोरे मागे. वाजवून झाल्यावर फिडलवाला कपाळ पुसत हसत होता. याकूबभाईंनी खिशातून लवंग काढून तोंडात टाकली आणि म्हणाले, "खलास. पुढचं कुठलं?"

परत येताना त्यांनी विचारलं, "या वाजवण्याला काय बोलतात?"

"ब्लूग्रास. म्हणजे निळं गवत."

"गवत निळं पडलं म्हणजे युरिया जास्त झाला," ते म्हणाले. "त्यांना डोस कमी करायला सांगा."

अशी त्यांची रेकॉर्डिंगची कारकीर्द सुरू झाली. त्या संगीतात बटनांचा बेंजो वाजवून रेकॉर्ड झालेला जगातला पहिला माणूस तेच असावेत. दुसऱ्या कोणी तसा प्रयत्न केला असेल असं मला वाटत नाही. डेलकडे मोठ्या चकत्यांचा टेपरेकॉर्डर होता. आवाज यायला नको म्हणून एसी बंद, भिंतींना गाद्या लावलेल्या, आणि आत घामाने निथळणारे चार वादक. मशीन चालवायचं काम माझ्याकडे.

पहिल्याच दिवशी लाल दिवा लागला आणि याकूबभाई माइकजवळ वाकून गंभीरपणे म्हणाले, "सगळ्यांना सलाम. मी इकडे खुशाल आहे. तुमची खुशाली कळवा." आणि मग वाजवायला लागले.

त्यांचं चुकलं नव्हतं. टेपरेकॉर्डर आम्हाला ठाऊक होता तो पत्र म्हणूनच. लिहिण्यापेक्षा बोलणं सोपं, म्हणून सगळे कॅसेट भरून गावाला जाणाऱ्याच्या हाती द्यायचे. तिकडे सगळं घर ती ऐकायचं, आणि त्याच कॅसेटवर आपलं बोलणं भरून परत पाठवायचं. मशीन सुरू झाल्यावर आधी सलाम आणि खुशाली, हे याकूबभाईंच्या हाडांत मुरलेलं. मी किती वेळा सांगितलं, तरी प्रत्येक गाण्याआधी ते अमेरिकेला खुशाली कळवत राहिले. डेलला आधी वाटलं ही गाण्याआधीची एक-दोन-तीन-चार अशी मोजणी आहे.

मुकादमांच्या घरची कॅसेट आली की मीही ऐकायचो. खोली एक, मग आडपडदा कसला? आधी वडील खोकून बोलायचे, मग भाऊ, भावजया, मुलं. सगळ्यांत शेवटी त्यांची बायको, जुबेदाभाभी. एवढ्या माणसांसमोर नवऱ्याशी बोलायचं म्हणून आवाज अगदी बारीक. आणि दर वेळी वाक्य एकच. "कोंबड्या बऱ्या आहेत."

"याकूबभाई," मी एकदा म्हटलं, "भाभींचा जीव तुमच्यापेक्षा कोंबड्यांवर जास्त दिसतो."

"तुम्हाला काय कळतं? मिरजेत कोंबड्या हायत काय?" म्हणत ते कान लाल करून हसले आणि कॅसेट मागे फिरवून तेवढंच वाक्य पुन्हा ऐकलं.

लोक हसतात ते इथपर्यंत. मी थांबायचो तेही इथेच.

याकूबभाईंना आणखी एक खोड होती. गाणं संपलं, सगळ्यांचे हात थांबले, की ते एकटे बेंजोवर चारपाच सुरांचं एक शेपूट जोडायचे. तार ओढून, जरा कर्कश, चालीशी काही संबंध नसलेलं. प्रत्येक गाण्याला तेच. माझ्या शिकलेल्या कानाला ते दाताखाली खडा आल्यासारखं लागायचं.

डेलची बदली जवळ आली. त्याने सगळी गाणी एका फितीवर जोडायला घेतली. तिकडे त्याच्या ओळखीचा कोणी छोट्या रेकॉर्डी काढायचा, त्याला ती द्यायची होती. एका दुपारी टेबलावर ब्लेड आणि चिकटपट्टी घेऊन आम्ही दोघं बसलो. याकूबभाई ड्यूटीवर होते. सलाम आणि खुशाली आधीच कापून झाली होती. शेपटाशी येऊन डेल थांबला.

"मला हे आवडतं," तो म्हणाला. "पण तुमचं संगीत तू जाणतोस. याला काही अर्थ आहे का?"

"काही नाही," मी म्हणालो. "वाईट सवय आहे. बेसूर आहे. काप."

त्याने एकेक शेपूट कापलं. फितीचे तपकिरी तुकडे खाली पडले. झाडून मीच टोपलीत टाकले.

डेलने एक कॅसेट भरून याकूबभाईंना दिली आणि तिच्यावर स्वतःच्या हाताने लिहिलं, याकूब, बँजो. शेवटी त्यानेही तो शब्द मान्य केला होता. त्याच दिवशी श्रीवर्धनचा एक वेल्डर सुट्टीवर निघाला होता. याकूबभाईंनी ती न ऐकताच त्याच्या हाती दिली. आधी घरच्यांनी ऐकावी, ही त्यांची हौस. आठवड्याभरात डेलही गेला. पुढे रेकॉर्ड निघाली की नाही, मला माहीत नाही.

घरून उत्तर आलं ते रिवाजाप्रमाणे त्याच कॅसेटवर. गाणी पुसून वर सगळ्यांचं बोलणं भरलेलं. वडिलांनी बाजाची तारीफ केली. भावाने साहेबांना सलाम कळवला. शेवटी भाभी आल्या.

"बाजा ऐकला. साहेब लोक चांगलं वाजवतात. तुम्ही वाजवणं सोडलं काय?"

कोंबड्यांचं काही नाही. कॅसेट संपली.

याकूबभाईंनी ती मागे फिरवली, पुन्हा लावली, पुन्हा तेच. मग पहिल्यांदाच त्यांनी मला सांगितलं. लग्न नवीन होतं तेव्हा भाभी तिन्हीसांजेला परसात कोंबड्यांना हाक मारायच्या. ती हाक याकूबभाई माडीवरून बेंजोवर हुबेहूब वाजवायचे. कोंबड्या फसून उलट्या पळायच्या आणि भाभी खालून शिव्या घालायच्या. पुढे कतारला आल्यावर पत्र वाचणार दीर, कॅसेट ऐकणार सगळं घर. बायकोशी बोलायचं कसं? म्हणून प्रत्येक कॅसेटमध्ये कुठेतरी ती हाक. घरच्यांना वाटायचं, बाजा वाजतो आहे. फक्त तिला कळायचं. तिचं उत्तर, कोंबड्या बऱ्या आहेत.

"प्रत्येक गाण्यामागे हाक मारली, मिरजकर," ते म्हणाले. "तिला एकदा पण ओळखू आली नाय. साहेब लोकांच्या नादाने माझा हात बदलला."

त्या क्षणी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "दुसरी कॅसेट भरा." ती भरून पाठवली की प्रश्न मिटेल, मग सांगायची गरज काय, असा माझा हिशेब. त्यांनी अख्खी एक बाजू फक्त त्या हाकेने भरली. मी खोलीतला एसी बंद करून बाहेर पायरीवर बसलो.

ती कॅसेट वाटेत असतानाच तार आली. आमच्या ऑफिसात आली म्हणून आधी माझ्याच हातात. साध्या तापाचं निमित्त होऊन भाभी गेल्या होत्या. गावाला जाऊन, माती होऊन गेलेल्या जागेवर फातिहा वाचून ते महिन्याने परत आले. कॅसेट घरात न उघडलेलीच होती, असं म्हणाले.

त्यानंतर ते पुष्कळ वर्षं मेसईदला राहिले. नवीन पोरांना बेंजो दाखवायचे, अमेरिकेतल्या बेंजोला बटनं नसतात हे सांगून हसवायचे. पण कॅम्प कामावर गेला आणि ते रात्रपाळी करून खोलीत एकटे असले की ती हाक वाजवून बघायचे. एकदा, पुन्हा एकदा, तार जरा ढिली करून, जरा आवळून. मी दाराशी आलो की थांबायचे. "हात बसत नाय," म्हणायचे. माझ्या कानाला ती तंतोतंत पहिल्यासारखीच लागायची. आता मला ती बेसूर वाटत नव्हती.

त्यांची नोकरी संपली तेव्हा कंपनीच्या बसने दोह्यापर्यंत त्यांना सोडायला मी गेलो. सबंध रस्ताभर वाक्य तयार करत होतो. विमानतळाच्या दारात त्यांनी सामान खाली ठेवलं आणि माझा हात धरला.

"एक विचारतो. तुम्ही नेहमी ऐकायचात. खरं सांगा, माझं त्या वेळी काय चुकलं?"

"काही नाही, याकूबभाई."

"तुम्ही भले माणूस. मन राखता," ते म्हणाले, आणि आत गेले.

पुढे म्हसळ्याहून आलेल्या एकाने ते गेल्याचं सांगितलं. दारात म्हणायचं राहिलेलं वाक्य असं होतं. याकूबभाई, तुमचा हात बदलला नव्हता. प्रत्येक हाक नीट वाजली होती. ती कापायला मी सांगितलं. भाभींपर्यंत ती पोचू दिली नाही ती मी. मला माफ करा.