बोंद्रे यांची पळी

बोंद्रे खिशात पळी बाळगीत. पितळेची, दांडा कापून आखूड केलेली, कोटाच्या आतल्या खिशात मावेल अशी.

ते आमच्या कचेरीत जावक कारकून होते आणि सक्करदऱ्यात माझे शेजारी. मांसाहार त्यांनी कधी केला नाही. इतरांनी केल्यास त्यांची तक्रारही नव्हती. संशय फक्त पळीवर, ती मटणात बुडालेली तर नाही ना. हॉटेलात, लग्नाच्या पंगतीत, साहेबांच्या घरीसुद्धा त्यांचा पहिला प्रश्न एकच असे : "पळी कोणती?" उत्तर पटले नाही तर थेट स्वयंपाकघरात शिरून आपली पळी आचाऱ्याच्या हाती देत. एकदा त्यांनी चहाच्या दुकानातही हाच प्रश्न केला. दुकानदार म्हणाला, "काका, चहात कोनतं मटन पडते?"

"तुमचं काय सांगता येते गा," बोंद्रे म्हणाले.

त्यांच्याबरोबर बाहेर खाणे आम्ही टाळू लागलो.

पुढे त्यांच्या एकुलत्या मुलीने, कुसुमने, ती शिकवीत असे त्या शाळेतला एक शिक्षक पसंत केला. मुलगा उत्तम. अडचण त्याच्या वडिलांची. कामठीत त्यांची झणझणीत मटणाची सावजी खानावळ होती, आणि आपल्या हातचे अन्न नाकारणाऱ्याशी ते सोयरीक करीत नसत. थोरल्या मुलाचे जमलेले लग्न त्यांनी याच कारणाने मोडले होते. बोलणी खानावळीतच करायची ठरली. बोंद्रे विधुर, भाऊ नाही. वडीलधारा म्हणून मला नेले. निघताना कुसुम एवढेच म्हणाली, "बाबा, तिथं पळीचं काढू नका जी."

खानावळीत ताटाची पद्धत नव्हती. लहान लहान प्लेटा एकेक करून येत. डाळकांदा, वांगी, मग बेसनाच्या पाटोडीचा रस्सा. पाहुण्यांसाठी अंगणात वेगळी चूल मांडली आहे, असे यजमानांनी दोनदा सांगितले. दोन्ही वेळा बोंद्रे यांचा हात कोटाकडे गेला आणि परत आला. मी माझ्या प्लेटमधले मटण चव न कळता गिळत होतो.

बोलणी जमली. यजमान खुलले. "पाहुणे, असं फिक्कं फिक्कं काहून खाऊन राहिले? तर्रीबिगर पाटोडी म्हणजे वरातीबिगर लगन." असे म्हणून त्यांनी शेजारच्या पातेल्यावरची लाल तर्री पळीभर काढली आणि मानाने बोंद्रे यांच्या रश्श्यावर ओतली.

ते पातेले मटणाचे होते.

यजमानांच्या ध्यानात आले नाही. नवऱ्या मुलाच्या आले. तो अर्धवट उठला. "बापू..."

बोंद्रे यांनी हात वर करून त्याला थांबवले. "राहू दे गा. चांगली झाली."

त्यांनी प्लेट रिकामी केली. सावकाश, काही न उरवता. कपाळावरचा घाम तिखटाचा समजून यजमानांनी पाण्याचा गडू पुढे केला.

बसने आम्ही परतलो. कुसुम दारातच उभी होती. लग्नाचे तिने विचारले नाही.

"बाबा, पळी अलग होती न जी?"

"अलगच होती," बोंद्रे म्हणाले, आणि पाय धुवायला मागे गेले.

लग्न झाले. त्यानंतर पळी कोणाला दिसली नाही. पंगतीत वाढपी समोर आला की बोंद्रे मान खाली घालून बसत. विचारण्याचा आपला हक्क संपला, असे ते मानीत असावेत.

तेव्हापासून त्यांच्या शेजारी बसून "पळी कोणती?" हे मी विचारतो. मी स्वतः मटण खातो.