जोडगलबताच्या सहलीची आणि हिनाईच्या पळीची हकीकत

श्री. ज्याने पाणी केले आणि पाण्यावर तरणारे लाकूड केले, त्यास नमन. पुढील मजकूर मान खाली घालोन लिहिला आहे, वाचणारांनी कृपा करोन मोठ्याने वाचू नये. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयी एक राज्य होते. त्याचे नाव येथे घालीत नाही, कारण तेथील मंडळी हयात आहेत आणि अद्याप लाजतात. राज्य डोंगरांच्या मधोमध, समुद्र कोणी पाहिला नव्हता, गावाबाहेर एक तळे होते आणि त्यात पायाने चालवावयाच्या होड्या होत्या, इतकीच आरमाराची गोष्ट. राज्यावर यशोधरमहाराज होते, आणि त्यांच्या राणी कुमुदिनीबाईसाहेब, आणि राणीसाहेबांचे धाकटे बंधू नागोजीराव, जे कोठेही जाणे निघाले म्हणजे आधी गाडीत बसलेले असत. शेजारच्या संस्थानिकांनी त्या साली बेटांच्या मुलखात सहल केली आणि तसबिरा चहूंकडे धाडल्या, त्यात ते निळ्या पाण्यात काळा चष्मा लावोन उभे होते, आणि त्या तसबिरा राणीसाहेबांनी पाहिल्या, आणि मग महाराजांस ताटावर आमटी आळणी मिळो लागली, आणि मग महाराज काय ते समजले आणि सहलीचा हुकूम जाहला.

मग राणीसाहेबांनी पेट्या भरविल्या. कपड्यांची एक पेटी आणि बाकीच्या सर्व खाण्याच्या. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भडंग, पिठल्याचे पीठ, लोणच्याच्या बरण्या पिशवीत पिशवी घालोन, आणि एक लहान कुकर. परमुलखी बाहेरचे खावयाचे नाही हा त्या राज्याचा जुना कायदा, तो कोणी लिहिला नव्हता आणि कोणी मोडला नव्हता. आणि कोठे कोणाचा सत्कार करण्याचा प्रसंग पडला तर असावे म्हणोन एक शाल आणि एक नारळ घेतला. मग खासा स्वारी आकाशमार्गे बंदरी उतरली आणि गलबतावर चढली. दोन सडपातळ होड्या शेजारी ठेवोन त्यांवर मांडव घालावा ऐसे ते गलबत, त्यास त्या मुलखी कॅटामरान म्हणती, पुढे दोहोंच्या मध्ये जाळे ताणलेले, त्यावर पालथे पडोन खालचे पाणी पाहावे. गलबताचा नाखवा तेवा नामे तरुण मनुष्य होता. त्याने मुलखोमुलखीचे प्रवासी वाहिले होते आणि महाराजांच्या राज्याची बोलीही कामापुरती शिकला होता. त्याने शीड उभारिले आणि वारा भरला, आणि बेटामागोन बेट येत चालले, पांढरी वाळू, वाकलेले माड, आणि पाणी ऐसे की नांगर तळाशी निजलेला वरोन दिसे. महाराज प्रसन्न जाहले. नागोजीरावांनी तसबिरा काढिल्या. राणीसाहेबांनी जाळ्यावर बसोन भडंग वाटले. येथवर लाजण्याजोगे काही नाही.

मग एके सकाळी एक लहान बेट दिसले आणि तेवाने शीड सैल केले आणि महाराजांपुढे येवोन उभा राहिला. म्हणाला, "हे माझं गाव. आई इथेच असते. तुमची इच्छा असेल तर नांगर टाकतो, नाहीतर पुढे जाऊ." महाराज म्हणाले, "घर दाराशी आलं आणि पुढे कसा जाशील? टाक नांगर." तेवा म्हणाला, "आधी ऐकून घ्या. आमच्याकडे पहिल्या दिवशी पाहुण्याचं जेवण त्याच्या होडीवर पाठवतात, दुसऱ्या दिवशी तो गावात जेवतो. गावाचा स्वयंपाक माझी आई करते. लग्न असो, बारसं असो, पाहुणा असो, पळी तिच्याच हातात. पण पाहुण्याने अन्न टाकलं तर रांधणारीला पळी खाली ठेवावी लागते, पुन्हा धरता येत नाही. ती आता म्हातारी आहे. तिच्याजवळ मान तेवढा एकच आहे. तुम्ही आमचं खाणार नसाल तर आत्ता सांगा, कोणाला राग नाही." महाराजांनी छातीवर हात ठेविला आणि बोलिले, "अरे, आम्ही अन्नाला पाय लागला तरी नमस्कार करणारी माणसं. तू निश्चिंत जा." हे बोलणे सर्वांदेखत जाहले. राणीसाहेबही मान डोलवीत होत्या.

मग तेवा किनाऱ्यावर घरी गेला, आणि दोन प्रहरी गावची मंडळी कमरेएवढ्या पाण्यातोन डोक्यावर टोपल्या घेवोन आली, आणि सर्वांपुढे एक वृद्ध बाई, पांढरे केस मागे बांधलेले, हिनाई तिचे नाव, तीच तेवाची माता. तिने टोपल्या वर दिल्या आणि हसली आणि सर्व परत गेली. मग टोपल्या उघडिल्या. केळीच्या पानांच्या पुड्या सुतळीने बांधलेल्या, त्यात नारळाच्या दुधात शिजविलेला कंद, भाजलेली केळी, आणि मोठा मासा डोक्यासकट, आणि एका वाटीत माशाचे तुकडे लिंबाच्या रसात. मासा महाराजांकडे पाहत होता. राणीसाहेबांनी नाकास पदर लाविला. नागोजीराव वाटीत डोकावोन म्हणाले, "दाजी, हे कच्चं आहे. शपथेवर सांगतो, कच्चं." राणीसाहेब म्हणाल्या, "अहो, पोट बिघडलं तर इथे ना दवाखाना ना काही. मी पिठलं टाकते." महाराज म्हणाले, "पण शब्द दिला आहे." मग मसलत बैसली. अन्न परत करावे तर बाईची पळी जाते, खावे तर कायदा मोडतो. तेव्हा नागोजीरावांनी तोड काढिली की पलीकडच्या बाजूने समुद्रात सोडावे, मासे खातील, टोपल्या रिकाम्या जातील, बाई खूश आणि आपणही खूश. महाराजांस ही मसलत बहुत शहाणपणाची वाटली. चाखोन कोणीही पाहिले नाही. केळीच्या एका तुकड्याचेही धैर्य जाहले नाही. पुड्या एकेक करोन पाण्यात सोडिल्या, आणि मग पिठले-भात जेवले, आणि राणीसाहेब म्हणाल्या की परमुलखात गरम पिठल्यासारखे सुख नाही.

आता, ज्यांचा समुद्र म्हणजे तळे, त्यांस भरती ठाऊक कशी असावी. तळ्यात टाकिले ते टाकिले तेथेच राहते. पुड्या सोडिल्या ते समयी ओहोटी सरत आली होती आणि वाराही नव्हता, पाणी ताटातल्या पाण्यासारखे निश्चळ. मग दिवस कलला आणि पाणी फिरले आणि हळूहळू किनाऱ्याकडे चालले, आणि पुड्या त्यासवे चालल्या. नागोजीराव सूर्यास्ताची तसबीर काढीत होते, त्यांच्या यंत्रात दूरचे जवळ दिसे. ते एकाएकी म्हणाले, "दाजी, जरा इकडे या." महाराजांनी पाहिले. वाळूवर हिरव्या पुड्या एकामागोन एक येवोन टेकत होत्या, सुतळी तैशीच बांधलेली, आणि गावची मंडळी उभी होती. आणि हिनाई वाकली आणि एक पुडी उचलिली आणि पदराने पुसली. महाराजांनी यंत्र खाली ठेविले. तिघेही आत जावोन बैसले आणि दिवा लाविला नाही.

सकाळी एका लहान होडीतून तेवा आणि हिनाई आली. तेवा आधी वर चढला, महाराजांच्या कानाशी आला आणि हळू बोलिला, "आईला वाटतं तिच्या हातून काहीतरी चुकलं. महाराज, आमच्याकडे एक वाट आहे. पाहुण्याने स्वतः म्हटलं की अन्न चांगलं होतं, न चाखता टाकलं, चूक माझी, तर पळी राहते. एवढं एक वाक्य बोला. मी गावाला सांगतो." मग हिनाई वर आली. तिने हात पुढे धरिले आणि काही विचारिले, आणि तेवाने खाली पाहत अर्थ सांगितला, "ती विचारते, मीठ कमी पडलं का? की मासा शिळा वाटला? तुमच्यातलं कोणी आजारी नाही ना?" मग महाराजांनी तोंड उघडिले. वाक्य ओठांवर आले होते, हे पाहणारांनी पाहिले. पण बाजूस राणीसाहेब होत्या आणि मेहुणे होते, आणि राज्याची अब्रू होती, निदान तीस अब्रू म्हणण्याचा रिवाज होता. महाराज म्हणाले, "लाट आली. मोठी लाट. जेवायला बसणार तोच सगळं घेऊन गेली." नागोजीराव म्हणाले, "हो, केवढी लाट." राणीसाहेबही हो म्हणाल्या. तेवाने ते आपल्या बोलीत सांगितले. हिनाईने समुद्राकडे पाहिले, मग महाराजांकडे पाहिले, आणि तिचा चेहरा मऊ जाहला. तेवा म्हणाला, "ती म्हणते, मग तुम्ही काल उपाशी राहिलात. चला, गावात चला."

मग तिने पुन्हा रांधिले. ज्या घरी जे होते ते त्या घराने आणिले, आणि सर्व गाव भोवती बैसले, आणि या वेळी टाकण्यास समुद्र हाताशी नव्हता. महाराजांनी घास घेतला. लिंबाच्या रसातला तो मासा जिभेवर लोण्यासारखा विरला. कंद ऐसा की राणीसाहेबांनी मुकाट्याने दुसऱ्यांदा हात पुढे केला. नागोजीरावांनी वाटी चाटली. हिनाई प्रत्येकाच्या पुढे येवोन वाढीत होती आणि महाराजांच्या पानाशी जरा जास्त थांबत होती. महाराजांस घास गिळवेना आणि थांबवेनाही. इतके चांगले अन्न आपण पाण्यात सोडिले हे एक, आणि ती आपल्यास उपाशी समजोन वाढिते हे दुसरे, या दोहोंच्या मध्ये महाराज बैसले होते. बोलावे, आता तरी बोलावे, ऐसे मनात आले आणि तैसेच निघोन गेले. मग महाराजांनी सत्कार केला. हिनाईस शाल घातली आणि नारळ दिला. भोवती नारळांनी लगडलेले माड होते. तिने तो नारळ दोहो हातांनी घेतला आणि कपाळास लाविला, आणि गावात कोणी हसले नाही. मग स्वारी गलबतावर चढली आणि शीड उभारिले.

पुढे आणखी बेटे जाहली, त्यांचे वर्णन करीत नाही. तेवा विचारिले तितुकेच बोले. शेवटच्या बंदरी पेट्या उतरल्यावर महाराज त्यास म्हणाले, "तुझ्या मातोश्री आमच्याबद्दल काय म्हणाल्या?" तेवा दोर गुंडाळीत होता. तो म्हणाला, "त्या दिवशी वाराच नव्हता, महाराज. गावातल्या लेकरालाही माहीत होतं लाट नव्हती. आई म्हणाली, लाजलेल्या माणसाला आणखी लाजवू नये, आधी जेवू घाला. तुमची होडी सुटली आणि तिने पळी मावशीच्या हातात दिली, गावाहून निरोप आला. ते जेवण तिचं शेवटचं होतं. म्हणून तिने मनापासून केलं." महाराज पेटीवरच बैसले. म्हणाले, "परत फिरव गलबत. मी गावासमोर बोलतो. हवं ते बोलतो." तेवा म्हणाला, "मावशी आता रांधते. तिच्या हातून पळी काढून घ्यायला कुठे जाता?" आणि दोर खुंटीस लावोन तो दुसऱ्या प्रवाशांकडे गेला.

मग स्वारी राज्यात परतली आणि दरबार भरला. सर्वांनी तसबिरा पाहिल्या आणि पाणी किती निळे ऐसे म्हटले. वृद्ध फडणीस काळजीने म्हणाले, "बाकी सगळं ठीक, पण महाराज, त्या मुलखात जेवणाचे हाल झाले असतील." राणीसाहेब खाली पाहो लागल्या. महाराज उठोन उभे राहिले आणि भर दरबारात स्पष्ट बोलिले, "अन्न चांगलं होतं. आम्ही न चाखता टाकलं. चूक माझी." दरबारास वाटले महाराज थट्टा करितात, आणि सर्व मंडळी मनसोक्त हसली.

तात्पर्य, यशोधरमहाराज बेटांच्या मुलखी जावोन सुखरूप आले, मनुष्यहानी नाही, सामान सर्व पोहोचले. एक वाक्य बोलावयाचे होते तेही बोलिले. ते ऐकणारी बाई तेथे नव्हती. इति.